सोलापूरच्या घरावर 3 किलोवॅट सोलर, पीएम सूर्यघर योजनेतून: 5 पैकी 4 स्टार

आधीच सांगते, गच्ची स्वतःची असेल आणि महिन्याला 200-300 युनिट जळत असतील तर सोलर बिनधास्त लावा. फक्त योजनेच्या नावातलं ‘मुफ्त बिजली’ ऐकून लोकांना वाटतं की सरकार 300 युनिट फुकट देणारे, तसं नाहीये. पॅनल तुमचे, पैसे आधी तुम्हीच भरायचे, मग सबसिडी खात्यात येते, आणि गच्चीवर बनलेली वीज तुमच्या बिलातून वजा होते. फेब्रुवारी 2024 ला योजना आली, 1 कोटी घरांचं लक्ष्य आणि 75,021 कोटी रुपयांची तरतूद. पहिल्या 2 किलोवॅटला किलोवॅटमागे 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, म्हणजे 3 किलोवॅटला 78 हजार, आणि पुढे 5 लावा नाहीतर 8, मिळणार 78 हजारच. म्हणून आम्ही 3 वर थांबलो, आई-बाबा दोघंच असतात, एक एसी, एक पाण्याची मोटर, सोलापूरच्या उन्हात एवढं आरामात निघतं.

सबसिडीचं सगळ्यांना माहितीये, पण त्याच महिन्यात केंद्राने वीज ग्राहक हक्क नियमांत जी दुरुस्ती केली ती मला त्याहून मोठी वाटते. 10 किलोवॅटपर्यंतच्या सोलरला आता तांत्रिक तपासणी लागत नाही, अर्ज नीट भरलेला असेल तर तो मंजूरच धरायचा, मंजूर भार (कनेक्शनला मंजूर असलेले किलोवॅट) वाढवायची गरज असेल तर तोही त्यातच वाढतो, आणि 5 किलोवॅटपर्यंत लाइन किंवा ट्रान्सफॉर्मर सुधारायला लागला तर तो खर्च वीज कंपनीचा. आधी ‘तुमच्या डीपीवर (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर) जागा आहे का बघावं लागेल’ म्हणून फाइल पडून राहायची, आमच्या गल्लीत एकाने कंटाळून नाद सोडला होता, आमचा अर्ज मात्र कुणाला फोन न करता पुढे सरकला. नियम कागदावरून खाली उतरला की सामान्य माणसाला किती फरक पडतो ते इथे दिसतं.

अडकलं ते भलतीकडेच. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर! जुन्या घरांत हे सर्रास असतं. बिलावरचं नाव, अर्जदार आणि सबसिडीचं बँक खातं जुळायला हवं, त्यामुळे आधी नाव बदलून घ्या, मगच योजनेच्या पोर्टलवर अर्जाला जा.

एक स्टार कापला तो व्हेंडरसाठी, म्हणजे पॅनल बसवून देणाऱ्या कंपनीसाठी. कोटेशन घेताना सगळे गोड बोलतात, पण काम करायला आलेल्या पोरांनी वॉटरप्रूफिंग केलेल्या गच्चीत सरळ ड्रिल मारून पॅनल ज्यावर बसतात त्या स्ट्रक्चरचे पाय बसवले आणि पहिल्याच मोठ्या पावसात जिन्याच्या भिंतीला ओल आली. व्हेंडरचा मालक म्हणाला, गच्चीची दुरुस्ती आमच्याकडे येत नाही. शेवटी बाबांनी करारातलं 5 वर्षांच्या मेंटेनन्सचं पान त्याच्यासमोर धरलं तेव्हा माणूस आला आणि केमिकल भरून गेला. योजनेत 5 वर्षं देखभाल व्हेंडरवर बंधनकारक आहे, पण गच्चीचं नुकसान झालं तर कोण भरणार ते वेगळं लिहून घ्या, शक्यतो काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर मागा.

पैसे द्यायच्या आधी अजून दोन गोष्टी बघा. सबसिडी फक्त भारतात बनलेल्या सेलच्या, म्हणजे डीसीआर पॅनलला मिळते, ‘साहेब हे स्वस्तात देतो’ म्हणून दुसरं गळ्यात मारलं तर 78 हजार गेले. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पॅनलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय, कोटेशनमध्ये जुना दर लावलेला नाही ना ते बघा.

चालतं कसं विचाराल तर मस्त चालतं. बिलावर आयात (लाइनवरून घेतलेले) आणि निर्यात (लाइनला दिलेले) युनिट वेगवेगळे येतात, दिवसाची जास्तीची वीज रात्रीच्या वापरातून वजा होते, उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. मे महिन्यात सगळ्यात जास्त वीज बनेल असं वाटतं पण पॅनल तापले की उत्पादन घटतं, आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च जास्त चांगले जातात, शिवाय इथली धूळ, ती सकाळी लवकर साध्या पाण्याने धुवायची, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आणि हे कुणीच आधी सांगत नाही, लाइट गेली की सोलरही बंद पडतं, भर उन्हातसुद्धा! लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र, बॅटरीवाला नाही) आपोआप थांबतो, ते बरोबरच आहे, पण बॅकअप हवा असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा.

ज्यांना सोलर जमत नाही त्यांच्यासाठीही बदल झालाय. दिवसा वीज स्वस्त ठेवायचा केंद्राचा नियम 2023 चा, महाराष्ट्रात 1 जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 मधल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली, तेव्हा मोटर, वॉशिंग मशीन, इस्त्री दुपारी उरकून घ्या. फ्लॅटवाल्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढा, लिफ्ट, पंप, गाडी चार्जिंग अशा कॉमन वापराला सोसायटीच्या नावावर किलोवॅटमागे 18 हजार सबसिडी आहे. महिन्याला 100 युनिटही जळत नसतील तर मात्र घाई करू नका, पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतील.