अलेक्झांडर तंत्राच्या नावाखाली झालेली फसवणूक

मान आणि पाठ सतत आखडत असल्याने मी अलेक्झांडर तंत्र, म्हणजे हालचालींतल्या नकळत ताण देणाऱ्या सवयी ओळखून थांबवण्याची पद्धत, शिकायचे ठरवले आणि ‘प्रमाणित शिक्षक’ म्हणून जाहिरात करणाऱ्या एका गृहस्थांकडे संपूर्ण वर्गमालेचे शुल्क आगाऊ भरले.

पहिल्या भेटीत त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीचा हवाला दिला. चाचणी खरी आहे. जुनाट कंबरदुखीच्या ५७९ रुग्णांवर ती झाली आणि वर्षअखेरीस नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना चार आठवड्यांत २१ दिवस दुखत होते, तर २४ धडे घेतलेल्यांना ३ दिवस. मात्र ते धडे नोंदणीकृत शिक्षकांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे दिले होते, हे त्यांनी सोयीस्करपणे गाळले.

आमच्या वर्गात सगळ्यांना एका रांगेत बसवून ‘खांदे मागे, छाती पुढे’ असा पुकारा चाले. माझी हनुवटी त्यांनी बोटांनी मागे रेटली, तेव्हा मानेतून कळ गेली. त्यावर ‘जुनी गाठ सुटते आहे’ असे उत्तर मिळाले. वास्तविक या तंत्राचा गाभा नेमका उलटा आहे. खुर्चीतून उठताना आपण नकळत मान आवळून डोके मागे खेचतो. ती सवय लक्षात यावी आणि हालचालीपूर्वीच थांबवता यावी, यासाठी शिक्षक मानेशी अगदी हलका हात ठेवतो. तेथे रेटारेटीला जागाच नाही.

भिंतीवरचे चौकटीतले प्रमाणपत्र जवळ जाऊन वाचले, तर ते दोन दिवसांच्या कार्यशाळेतील सहभागाचे निघाले. ब्रिटनमध्ये १९५८ साली स्थापन झालेल्या शिक्षक-संस्थेच्या मान्यतेसाठी तीन वर्षांचे, किमान १६०० तासांचे प्रशिक्षण लागते, आणि त्यातला बहुतांश वेळ प्रत्यक्ष हाताखाली शिकण्यात जातो. आपण त्याच संस्थेचे सदस्य असल्याचे हे गृहस्थ सांगत, पण संस्थेच्या यादीत त्यांचे नाव नव्हते. इतर संस्थाही आहेत, त्यामुळे केवळ एका यादीत नाव नसणे हा गुन्हा नव्हे. नसलेले सदस्यत्व सांगून पैसे घेणे ही मात्र सरळ लबाडी आहे. अनेक देशांत या व्यवसायाच्या नावाला कायद्याचे संरक्षण नसल्याने फलक कोणीही लावू शकतो, आणि याच फटीत असे लोक शिरतात.

म्हणून प्रशिक्षण कोठे, कोणाच्या हाताखाली आणि किती काळ झाले, हे शिक्षकाला थेट विचारावे आणि यादी स्वतः शोधून तपासावी, त्यांनी पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे. आधी एकच धडा घ्यावा व त्याचेच पैसे द्यावेत. दुखणे नवे किंवा तीव्र असेल तर जाणता शिक्षक आधी डॉक्टरांकडे पाठवतो. दुखणे ‘मुळापासून’ घालवण्याची हमी देणाऱ्यापासून दूरच राहिलेले बरे.

माझ्या लेखी तक्रारीनंतर त्यांच्या जाहिरातीतून ‘प्रमाणित’ हा शब्द गेला. शुल्क अद्याप परत आलेले नाही, आणि वर्ग पूर्वीसारखेच भरत आहेत.