घरचा फोटो-सर्व्हर: रास्पबेरी पाय घ्यावा की जुना लॅपटॉप?

गूगल फोटोजची फुकटची 15 जीबी भरली, आता घरीच इमिच (घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचं, शोधायचं सॉफ्टवेअर) टाकायचंय. तर रास्पबेरी पाय (एका पाटीवरचा छोटा संगणक) घेऊ की कपाटातला जुना लॅपटॉप काढू? गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला हे विचारलं. मी दोन्ही वापरलेत, लातूरच्या एकाच घरात, एकाच इन्व्हर्टरवर. डॉकर, इमिच, लिनक्स एवढं तुम्हाला येतं असं धरून चालतो.

सुरुवात मी पायवर केली, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पाय 4, 8 जीबीचा. तळहाताएवढा, आवाज नाही, टीव्हीच्या मागे ठेवला की घरात कुणाला पत्ता लागत नाही. लाईट आली की आपला आपण उठतो, बटण दाबावं लागत नाही. हा त्याचा गुण मोठा आहे, लॅपटॉपवाल्यांनी तो मोकळेपणाने मान्य करावा. फोटो चढवणं, बघणं, शोधणं ही रोजची कामं त्यावर नीट होतात. पहिल्यांदा सगळे चेहरे ओळखायला त्याला दिवसेंदिवस लागतात, पण ते काम एकदाच.

विजेच्या खर्चाची काळजी फार जणांना असते, ती मला थोडी जास्तीची वाटते. पाय साधारण 5 वॉट खातो, झाकण मिटलेला जुना लॅपटॉप 10 वॉटच्या आसपास. चोवीस तासांच्या यंत्रात 5 वॉटचा फरक म्हणजे महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. मी मीटर लावून मोजलं नाही. पायच्या वेळची आणि लॅपटॉपच्या वेळची बिलं शेजारी ठेवून पाहिली, फरक काही दिसला नाही. कूलरने त्याच्या कितीतरी पट खाल्लेलं असतं.

आता ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला, ती सांगतो.

मराठवाड्यात लाईट जाते, हे काही नवीन नाही. पण चार तास गेलेली लाईट सर्व्हरला तेवढी त्रास देत नाही. त्रास देते ती गेली-आली, गेली-आली. मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं, वारा सुटतो, आणि वळवाचे दोन थेंब पडायच्या आधीच लाईट पाच मिनिटांत सहा वेळा मिचकावते. इन्व्हर्टर दर वेळी टक् करून बॅटरीवर जातो आणि टक् करून परत येतो. पंख्याला ते कळत नाही. पायला कळतं. त्याच्या छोट्या अडॅप्टरमध्ये तेवढा क्षण धरून ठेवायची ताकद माझ्या घरी तरी निघाली नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण असतं (त्याने बॅटरीवर जायला कमी वेळ लागतो), ते लावलं, बराच फरक पडला, पण पूर्ण नाही. व्होल्टेज आधीच पडलेलं असलं की तरीही पाय बसायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा.

त्यात पाय 4 मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. तो अर्ध्या मिनिटात उठतो, राऊटरला दोन-तीन मिनिटं लागतात. तोवर नेटवरून वेळ मिळत नाही आणि पाय जुन्याच वेळेवर काम सुरू करतो. पाय 5 मध्ये घड्याळ दिलंय, पण त्याचा सेल वेगळा घ्यावा लागतो.

दोन उन्हाळ्यांपूर्वीच्या अशाच एका दुपारी पाय सहा-सात वेळा बंद-चालू झाला. रात्री इमिच उघडेना. डेटाबेस, म्हणजे कोणत्या फोटोत कोण या इमिचच्या नोंदी, मेमरी कार्डवर होता, आणि लिहिता-लिहिता वीज तुटल्यामुळे तो बिघडला होता. फोटो बाहेरच्या डिस्कवर होते, एकही गेला नाही. गेली ती नावं.

ती नावं आईने सांगितलेली होती. जुने कृष्णधवल फोटो मी स्कॅन करून चढवले होते, आणि दोन सुट्ट्यांच्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगत होती: ही माझी थोरली काकू, हा तिचा धाकटा, हे लग्नात आलेले उदगीरचे पाहुणे. मी एकेक नाव टाकत गेलो होतो. ते सगळं गेल्याचं तिला सांगितलं तर म्हणाली, “पुन्हा सांगते की, त्यात काय.” पुन्हा बसली, पुन्हा सांगितलं. पण दुसऱ्या खेपेला पाच-सहा चेहऱ्यांवर ती थांबली, आणि दोन तिला आठवलेच नाहीत. तेव्हापासून मी वॉट आणि प्रोसेसर बघायचं सोडलं. आपल्या घरातली लाईट मिचकावली की यंत्र काय करतं, तेवढंच बघतो.

लॅपटॉप काहीच करत नाही. त्याच्या पोटात बॅटरी आहे, बदलाचा तो क्षण त्याला कळतच नाही.

मी घेतला तो सेकंड हँड थिंकपॅड टी 480. याचं विशेष म्हणजे याला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक बाहेरून बदलता येणारी. माझ्या दोन्ही जुन्याच आहेत, तरी झाकण मिटून साडेतीन-चार तास निघतात. राऊटरला 12 व्होल्टचा छोटा यूपीएस लावला, म्हणजे लाईट गेली आणि इन्व्हर्टरही बसला तरी घरातलं वायफाय आणि फोटो दोन्ही चालू. वर एसएसडी (वेगवान डिस्क) आत बसते, लॅनचं पोर्ट आहे, आणि इंटेलच्या ग्राफिक्समुळे मोबाईलवरचे जड व्हिडिओ झटकन हलके होतात. पाय 5 नवा असला तरी त्यात व्हिडिओ असे हलके करायचं (एन्कोडिंगचं) हार्डवेअरच नाही, ते सगळं प्रोसेसरवर पडतं.

भाचा सुट्टीत आला की याच लॅपटॉपवर लुआंटीचा खेळ चढवून देतो; पूर्वी त्याला मिनटेस्ट म्हणायचे. घरातले तिघं-चौघं आपापल्या मोबाईलवरून एकाच जगात घरं बांधत बसतात. तेवढ्याने फोटोंचं काम अडत नाही.

लॅपटॉपचे दोष मात्र आधी ऐकून घ्या. पहिला आणि महत्त्वाचा बॅटरीचा. सतत चार्जरला लावून 100 टक्क्यांवर ठेवलेली बॅटरी उष्णतेत लवकर मरते, फुगतेही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढे जातो. त्यामुळे चार्जिंगची मर्यादा लावता येईल असाच लॅपटॉप घ्या. थिंकपॅडमध्ये लिनक्सवरून ती लावता येते. मी 75 वर ठेवलीय. अलमारीत कोंडू नका, गादीवर ठेवू नका. मी तो खाली फरशीवर, भिंतीला टेकवून उभा ठेवतो आणि दर महिन्याला टचपॅड वर उचलला गेलाय का ते हात फिरवून बघतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तो लॅपटॉप या कामाला घेऊच नका.

दुसरा, बॅटरी पूर्ण संपून बंद पडला तर बरेच लॅपटॉप लाईट आल्यावर आपोआप उठत नाहीत. काहींच्या बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) चार्जरला वीज आली की चालू होण्याचा पर्याय असतो, तो आधी बघून घ्या. आणि बॅटरी 20 टक्क्यांवर आली की स्वतः नीट बंद व्हायचं, एवढं सांगून ठेवा. झाकण मिटल्यावर झोपू नये ही सेटिंग तुम्हाला माहीत असेलच.

पायवर डेटाबेस कार्डऐवजी एसएसडीवर ठेवून चांगला यूपीएस लावला, तर माझी तक्रार बरीचशी मिटते, हे खरं. पण मग अडॅप्टर, पंखा, डबी, एसएसडी, यूपीएस जोडत-जोडत रक्कम सेकंड हँड लॅपटॉपच्या पुढे जाते. पाय 5 ला 27 वॉटचाच अडॅप्टर द्या, नाहीतर यूएसबीला फक्त 600 मिलिअँपिअर मिळतात आणि बाहेरची डिस्क मधेच गायब होते. ज्याच्याकडे लाईट स्थिर आहे, किंवा सोलरचा चांगला जोड आहे, त्याने पाय घेतला तर मी अडवणार नाही. आपल्या गल्लीतल्या लाईटवर मात्र माझा कल लॅपटॉपकडेच.

यातलं काहीही घेतलं तरी दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवा. आईचं माहेर किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ते घर पडलं, आणि त्यातला एकही फोटो हाती लागला नाही. आज आमच्याकडे आजोबांचे जे फोटो आहेत ते सोलापूर-उदगीरच्या नातेवाइकांकडे लग्नाच्या प्रती गेल्या होत्या, त्यातले.

म्हणून माझा जुना पाय मी विकला नाही. तो नांदेडला बहिणीकडे राऊटरशेजारी आहे, एक डिस्क लावून. रात्री 3 वाजता लॅपटॉप रेस्टिकने (बॅकअपचं सॉफ्टवेअर) टेलस्केलवरून (दोन घरांतली यंत्रं नेटवरून खासगी जोडणारी सोय) त्याच्याकडे कुलूपबंद प्रत पाठवतो. तिथे लाईट गेलेली असली तर दुसऱ्या रात्री जाते. रेस्टिकला अर्धवट राहिलेलं पुढे नेता येतं, त्यामुळे पायच्या त्या मधेच बंद पडायच्या खोडीचा इथे काही त्रास होत नाही. इमिचही आता रोज रात्री 2 वाजता डेटाबेसची प्रत काढून शेवटच्या 14 जपून ठेवतं, आणि तीही याच फेरीत जाते. लक्षात असू द्या, त्या प्रतीत नावं असतात, फोटो नसतात. दोन्ही पाठवावं लागतं.

बहीण अधूनमधून फोन करून सांगते, “दादा, तुझ्या डबीचा दिवा लुकलुकतोय बघ.” आईने दुसऱ्यांदा सांगितलेली नावं आता लातूरला लॅपटॉपमध्ये आहेत, बाहेरच्या डिस्कवर आहेत, आणि नांदेडच्या त्या डबीत.