सात महिने डोनट पॅन वापरल्यावर : घरचे ग्लूटेन-फ्री डोनट

पॅन घेऊन सात महिने झाले, आठवड्यातून एकदा तरी ओव्हनमध्ये जातोच, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर दोन स्टार देऊन मोकळी झाले असते आणि ते चुकीचं ठरलं असतं, कारण तेव्हा जे काही बिघडत होतं त्यात पॅनचा दोष फार थोडा होता.

आधी घेतला कशासाठी ते सांगते. माझी लेक नऊ वर्षांची आहे, तिला सिलिअ‍ॅक आहे. गहू, बार्ली, राय यातलं ग्लूटेन नावाचं प्रोटीन पोटात गेलं की शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, त्यावर उपाय म्हणजे पथ्य आणि तेही जन्मभराचं. कुणाच्या वाढदिवसाला गेलं की सगळी मुलं डिशवर तुटून पडतात आणि ही आधी माझ्याकडे बघते, "आई, मला चालतं का?" बहुतेक वेळा उत्तर नाही असंच असतं. डोनट तिला फार आवडायचे, निदान व्हायच्या आधी खाल्लेले तिच्या अजून लक्षात आहेत. म्हणून पॅन.

(एक गोष्ट मध्येच सांगून टाकते, कारण बऱ्याच जणी विचारतात. सिलिअ‍ॅकची शंका असेल तर तपासणी व्हायच्या आधी गहू बंद करू नका. ग्लूटेन थांबवलं की रक्ताची टेस्ट आणि बायोप्सी दोन्ही फसवं उत्तर देऊ शकतात. आधी डॉक्टर, मग पथ्य.)

सुरुवातीला सिलिकॉनचा पॅन घेतला होता, लवचिक असतो, डोनट पटकन सुटतात म्हणून. सुटतात खरंच, पण रंग येत नाही. सिलिकॉनमधून उष्णता सावकाश जाते, त्यामुळे वरून कोरडा पडेपर्यंत खालची बाजू फिकटच राहते, शिवाय भरलेला पॅन उचलला की मध्ये वाकतो, खाली ट्रे ठेवावाच लागतो. दीड महिन्यात तो कपाटात गेला. मग धातूचा, नॉनस्टिक, सहा खाचांचा घेतला, हा सगळा अनुभव त्याचाच आहे. गोल बाजू छान सोनेरी होते, कड किंचित कुरकुरीत येते. गडद रंगाचा आहे म्हणून भाजतोही लवकर, तेव्हा रेसिपीत पंधरा मिनिटं लिहिली असली तरी मी दहाव्या मिनिटाला बघायला लागते.

आता पीठ, खरी मेहनत इथेच आहे. पहिल्या चार-पाच वेळा डोनट बाहेर काढताना दोन तुकडे व्हायचे आणि खाताना दाताखाली बारीक वाळूसारखं लागायचं. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की ग्लूटेनची जाळी तयार होते, ती हवा धरून ठेवते आणि सगळं बांधूनही ठेवते. तांदळाच्या पिठात ती नाहीच, म्हणून बांधायला दुसरं काहीतरी लागतं. मी आधी झँथन गम वापरला, चालतो, पण चिमूटभर जास्त झाला की रबरासारखं लागतं. मग इसबगोलाच्या भुशीची पूड सापडली आणि तिथून गाडी रुळावर आली. ती पाणी पिऊन जेलीसारखी होते, डोनट मऊ राहतो आणि वाकवला तरी तुटत नाही. काही ब्रँडची पूड भाजल्यावर जांभळट करडा रंग देते. मी घाबरून अख्खी बॅच टाकून दिली होती, ती टाकायची गरज नव्हती, चवीला काही फरक नसतो.

आणि वाळूसारखं लागणं गेलं ते फक्त थांबल्यामुळे. हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं असं फार वाटतं. बॅटर कालवल्या कालवल्या चमच्यावरून पातळ धार पडते, वाटतं अजून पीठ घालावं. घालायचं नाही. झाकून अर्धा तास ठेवायचं. अर्ध्या तासाने तोच चमचा फिरवला की मागे रेघ राहते आणि ती हळूहळू मिटते, बोटांत चोळून बघितलं तर कण लागत नाहीत. तांदळाच्या पिठाला ओलावा शोषायला तेवढा वेळ लागतोच. मी आधी पीठ वाढवत बसायचे आणि दगडासारखे डोनट काढून पॅनला नावं ठेवायचे. फक्त बेकिंग पावडर मी शेवटी, थांबून झाल्यावर घालते, चाळणीतून, म्हणजे फुगवटा आधीच वाया जात नाही.

दुसरं, वजनकाटा घ्या. कपाने मोजू नका. एकच कप तांदळाचं पीठ मी दोनदा भरून तोललं, एकदा सैल आणि एकदा ठोकून, दोन वेगळे आकडे आले, मग रोज वेगळा डोनट येणार नाही तर काय.

माझं आत्ताचं माप सहा डोनटचं : तांदळाचं पीठ ७० ग्रॅम, बदामाचं पीठ ५० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च २५ ग्रॅम, इसबगोल पूड ३ ग्रॅम, बेकिंग पावडर ५ ग्रॅम, चिमूटभर मीठ, एक अंडं, दही ८० ग्रॅम, दूध ४० मिली, साखर ४० ग्रॅम, वितळलेलं बटर २० ग्रॅम, व्हॅनिला किंवा जायफळ. १७५ डिग्रीला ११-१२ मिनिटं. बॅटर पिशवीत भरून कोपरा कापून खाचेत सोडते, दोन तृतीयांशच, मधला खुंट बुडाला की भोक बुजतं आणि मग तो डोनट न राहता बन होतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटं पॅनमध्येच ठेवते. लगेच काढला तर मोडतो, कारण स्टार्च गार होताना घट्ट होतो, आणि पंधरा मिनिटं विसरला तर वाफेने तळ ओला होतो. ओव्हनमध्ये एक साधा थर्मामीटर ठेवून बघा, माझा ओव्हन १५ डिग्री जास्तच तापत होता, हे कळायला दोन महिने गेले.

आता "हेल्दी" या शब्दाबद्दल, कारण यावर माझं ठाम मत झालंय. ग्लूटेन नाही म्हणजे आपोआप पौष्टिक असं अजिबात नाही. तयार मिक्सची पाकिटं वाचलीत तर बऱ्याचदा पहिले तीन घटक म्हणजे पांढऱ्या तांदळाचं पीठ, स्टार्च आणि साखर. पांढऱ्या तांदळाच्या पिठात १०० ग्रॅमला प्रोटीन ६ ग्रॅमच्या आसपास आणि फायबर जेमतेम अडीच ग्रॅम, बदामाच्या पिठात प्रोटीन २१ ग्रॅमच्या आसपास आणि फायबरही दहाच्या वर. म्हणून मी बदाम घालते. पण बदामात निम्मं वजन फॅटचंच असतं, तेव्हा कॅलरी कमी झाल्या असं मी म्हणणार नाही. कमी झालं ते तळणाचं तेल आणि साखर. ४० ग्रॅमचे सहा भाग केले की एका डोनटमध्ये साडेसहा-सात ग्रॅम घातलेली साखर येते. मी २० ग्रॅमवरही आणून बघितली, डोनट फिकट आणि कोरडा झाला, कारण साखर गोडीबरोबर ओलावा आणि रंगही देते. मग २० ग्रॅम साखर आणि अर्धं चांगलं पिकलेलं केळं, दूध थोडं कमी, असं जमलं, पण केळ्याची चव येतेच, ती आवडत असेल तरच. मधाने काही फरक पडत नाही, तीही साखरच.

आणि तळलेल्या यीस्टच्या डोनटसारखं हे लागत नाही. तसं हवं असेल तर घेऊ नका. केकच्या जातीचा डोनट आहे हा, मऊ आणि दाट. यीस्टचा प्रयत्न तीनदा केला, तिन्ही वेळा जड झाला, मी सोडून दिलं. वरून आयसिंगऐवजी ७० टक्क्यांचं डार्क चॉकलेट वितळवून अर्धी बाजू बुडवते, पुरतं.

सिलिअ‍ॅकवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं : पॅन वेगळाच ठेवा. आमच्या पॅनमध्ये गव्हाचं काही कधीच गेलेलं नाही आणि जाणारही नाही. जुनी चाळणी, लाकडी चमचे, ओरखडे पडलेली नॉनस्टिक भांडी यात पीठ अडकून राहतं, घासून जात नाही. बऱ्याच देशांत ग्लूटेन-फ्री लिहायला मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, यावरून किती कमी चालतं ते बघा. बेकिंग पावडरचंही लेबल वाचा, काहींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो. ओट्स घालायचे तर ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच, साध्या ओट्समध्ये शेतापासून गिरणीपर्यंत कुठेही गहू मिसळतो, आणि काही सिलिअ‍ॅक पेशंटना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. आमच्याकडे डॉक्टरांना विचारूनच सुरू केले.

तक्रार आहे ती कोटिंगची. सहाव्या महिन्यात दोन खाचांत खुंटाभोवती कोटिंग सोलायला लागलं. त्यात एकदा मी चिकटलेला डोनट सुरीने सोडवला ती माझी चूक, पण दुसऱ्या खाचेला सुरी कधी लागलीच नव्हती. फवारायचं तेल वापरत होते, त्याचा चिकट पिवळा थर बसतो आणि तो घासून जात नाही, हे उशिरा कळलं. आता ब्रशने बटर लावते, हाताने धुते, लगेच पुसते. त्या दोन खाचा मी वापरत नाही.

उरलेले फ्रिजमध्ये ठेवू नका, तांदळाचा स्टार्च थंडीत लवकर कडक होतो, दुसऱ्या दिवशी खडखडीत. पूर्ण गार झाले की त्याच दिवशी फ्रीझरमध्ये, एकेक वेगळा गुंडाळून. मायक्रोवेव्हमध्ये वीस-पंचवीस सेकंदांत पुन्हा मऊ होतात. आमच्या फ्रीझरमध्ये आता कायम चार असतात, कुठे वाढदिवसाचं बोलावणं आलं की डब्यात दोन जातात, एक तिचा आणि एक ज्या मैत्रिणीला चाखायचा असेल तिचा. दोन खाचा गेल्यामुळे मी तसाच दुसरा पॅन मागवलाय, धातूचाच, सहाचाच.