‘हिमालयन कॉम्बो’ : साडेचार हजारांना मी कशी फसले

जाहिरातीत फक्त एक हात दिसतो. नखांना हिरवं नेलपॉलिश. तो हात स्टीलच्या पेल्यातून काळ्या जॅकेटवर पाणी ओततो, थेंब टपोऱ्या मोत्यांसारखे घरंगळून जातात आणि खाली अक्षरं सरकतात : ‘थ्री लेयर हिमालयन कॉम्बो. मेरिनो थर्मल, फ्लीस, वॉटरप्रूफ जॅकेट. फक्त ४,४९९ रुपये, आज रात्री १२ पर्यंत.’ मेरिनो म्हणजे मऊ, बारीक लोकर आणि फ्लीस म्हणजे मध्ये घालायचं केसाळ, उबदार कापड.

मार्च संपत आला होता. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला निघायचं होतं आणि दुकानात नुसत्या जॅकेटची किंमत ऐकून मी हात हलवत परत आले होते. रात्री साडेअकराला ऑर्डर टाकली. पैसे माल हातात आल्यावर द्यायचे होते, म्हणून तर विश्वास जास्तच बसला. पार्सल उघडायच्या आधी पैसे कुरियरवाल्याच्या खिशात जातात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही.

मी काही नवखी नाही. वीस वर्षं सह्याद्रीत भटकतेय. राजमाची, कळसूबाई, हरिश्चंद्रगड, तेही भर पावसात. पण आपल्याकडे पावसाळ्यात आपण भिजायलाच जातो. सुती टी-शर्ट अंगाला चिकटला तरी बिघडत नाही, संध्याकाळी गावात कपडे बदलून चुलीपुढे पिठलं-भाकरीला बसलं की झालं. त्यामुळे डोंगरात कपडे कसे घालावेत हे शिकायची वेळच आली नव्हती. असं गिऱ्हाईक फसवायला सगळ्यात सोपं.

पार्सल आलं. डोंबिवलीच्या घरात, पंखा लावून, आरशासमोर तिन्ही लेयर घालून पाहिले. दोन मिनिटांत घाम फुटला. ‘वा, काय गरम आहे!’ म्हणून मी खूश. परत करायची मुदत ७ दिवस होती, ते सात दिवस सगळं सॅकमध्ये पडून राहिलं. या धंद्याची खरी मेख इथेच आहे. आपल्या घरात एप्रिलमध्ये कुठलंही जॅकेट उबदारच वाटतं आणि छताखाली कुठलंही कापड वॉटरप्रूफच असतं. मालाची परीक्षा होते ती डोंगरावर, आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते.

डेहराडूनहून दिवसभर गाडीने सांकरी. गाव सुमारे १,९५० मीटरवर आणि केदारकंठाचा माथा सुमारे ३,८०० मीटरवर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गावात गोड गारवा असला तरी माथ्यावर बारा अंश कमी, आणि वाऱ्याचा हिशेब वेगळाच. पहिला दिवस जुडा का तालाबपर्यंत मजेत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला थंडी वाजत होती म्हणून मी तिन्ही लेयर चढवून निघाले. गाइड तिथल्याच गावचा, विशीतला मुलगा. तो म्हणाला, “दीदी, जैकेट उतार दो, चलते-चलते गरमी लगेगी.” मी ऐकलं नाही. ही चूक माझी, विक्रेत्याची नाही.

अर्ध्या तासात पाठीवरून घामाचे ओघळ. थांबून जॅकेट काढावं तर बाकीचे पुढे जातात, म्हणून तशीच चालत राहिले. दुपारनंतर ढग भरून आले, वारा सुटला, आधी गारा आणि मग ओला, वितळता बर्फ पडायला लागला. वीस मिनिटांत खांद्यांवरच्या शिवणींतून गार पाण्याची रेघ आत उतरताना स्पष्ट जाणवली. आत घामाने चिंब थर्मल, वरून पाणी, मध्ये पाणी प्यालेलं फ्लीस. बेसकॅम्पला पोचेपर्यंत हुडहुडी भरली होती. जॅकेटची चेन उघडायला बोटं वळेनात. नाव विचारलं तर जीभ जड झाल्यासारखे शब्द तुटक येत होते.

गाइडच्या ते लगेच लक्षात आलं. मैत्रिणीला सोबत देऊन मला किचनच्या तंबूत पाठवलं, सगळे ओले कपडे काढायला लावले. त्याचा स्वतःचा जाड, हाताने विणलेला लोकरी स्वेटर, स्लीपिंग बॅग, गरम पाण्याची बाटली आणि भरपूर साखरेचा चहा. नंतर तो म्हणाला, कापत होतात तोवर मी घाबरलो नव्हतो, ओला माणूस कापायचा थांबला की खरी भीती. माझं ‘मेरिनो’ थर्मल त्याने पिळलं तर धार लागली. बोटांत चोळून म्हणाला, “ये ऊन नहीं है, दीदी.”

लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओलावा पोटात घेऊनही अंगाला गार लागत नाही. सुती कापड पाणी धरून बसतं, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं. म्हणून अंगालगतचा लेयर घाम बाहेर टाकणारा हवा, मधला ऊब धरणारा, आणि वरचा फक्त वारा-पाऊस अडवणारा, तोही गरज पडली तरच चालताना घालायचा. निघताना थोडं काकडल्यासारखं वाटलं पाहिजे. फ्लीसमधून वारा जातो हा फ्लीसचा दोष नाही, ते काम वरच्या जॅकेटचं. हे सगळं मला त्या तंबूत कळलं.

माथ्यावर मी गेले नाही. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं मैत्रिणीच्या मोबाइलवर पाहिली.

घरी आल्यावर मी इरेला पेटले. थर्मलच्या शिवणीतला दोरा न घेता कापडातले चार धागे उपसले, स्टीलच्या ताटलीत धरून जाळले. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की आपोआप विझते आणि राख बोटांत चुरडते. माझे धागे कागदासारखे भुरकन पेटले आणि टोकाला प्लास्टिकचा काळा कडक मणी उरला. सुती आणि पॉलिस्टरची सरमिसळ, लोकरीचा पत्ता नाही. मग जॅकेट उलटं करून खांद्याच्या भागाचा खोलगट द्रोण केला, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि अर्धा लिटर पाणी ओतलं. पाचव्या मिनिटाला शिवणीखाली कागद ओला. आतल्या शिवणींवर ‘सीम टेप’ दिसत होती खरी, पण ती नखाने टरकन निघाली, नुसती चिकटवलेली चकचकीत पट्टी. टेप घट्ट बसवलेली नसेल तर सुईच्या प्रत्येक भोकातून पाणी येतं. टॅगवरच्या ‘१०,००० मिमी’चा अर्थ कापड पाण्याचा किती उंच स्तंभ सहन करतं असा असतो, पण टॅग काय, कोणीही छापतं. आणि व्हिडिओतले ते घरंगळणारे थेंब? ती वरच्या लेपाची करामत. नव्या कोऱ्या साध्या विंडचीटरवरूनही थेंब तसेच घरंगळतात. प्रश्न असतो तासाभराच्या पावसाचा आणि सॅकचे पट्टे खांद्यावर दाबले जातात तेव्हाचा.

जाळलेल्या धाग्यांचा आणि ओल्या कागदाचा व्हिडिओ विक्रेत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. उत्तर आलं : “मैडम, वो पानी नहीं, आपका पसीना है.” सांगायला लाज वाटते, पण क्षणभर मी निरुत्तर झाले, कारण अर्धं खरं होतं! घरी ओतलेल्या पाण्याला कसला घाम येतो, असं विचारलं तर नंबर ब्लॉक.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यांनी बिल मागितलं. बिलावर फक्त साइटचं नाव होतं, ना पत्ता, ना जीएसटी क्रमांक. पाकिटावर उत्पादकाचं किंवा आयातदाराचं नाव नाही, कुरियरच्या चिठ्ठीवर एका गोदामाचा अर्धवट पत्ता. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार साइटवर विक्रेत्याचा पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव असावं लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत मिळायला हवी. मी ऑर्डर करताना साइटच्या तळाशी एकदा बोट सरकवलं असतं तर तिथे नुसता मोबाइल नंबर आहे हे दिसलं असतं. तक्रार क्रमांक मिळाला, पैसे नाहीत. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ माझ्याकडे नव्हता, तो असता तर निदान बोलायला तोंड राहिलं असतं.

तेव्हा सामान नवं असेल तर ट्रेकच्या किमान तीन आठवडे आधी मागवा आणि मुदतीतच त्याचा छळ करा. जॅकेट घालून दहा मिनिटं शॉवरखाली उभं राहा, खांद्यावर भरलेल्या सॅकसकट. थर्मल घालून सोसायटीचे जिने चढा-उतरा आणि घाम किती वेळात वाळतो ते बघा. शेजारी हसतील, माझे हसले. लोकरीचे पैसे नसतील तर साधं पॉलिस्टरचं खेळाचं टी-शर्टही अंगालगत चालतं, सुतीपेक्षा कितीतरी बरं. वरून प्लास्टिकचा साधा पोंचो. आमच्यातली एकजण असंच घालून माथ्यावर जाऊन आली, तिचा सगळा खर्च हजाराच्या आत.

ती साइट आता उघडत नाही. गेल्या आठवड्यात मोबाइलवर दुसऱ्याच नावाची जाहिरात आली, किंमत ३,९९९. स्टीलचा पेला तोच, नखांवर हिरवं नेलपॉलिश तेच. मी खाली जळलेल्या धाग्यांचा फोटो टाकला. दहा मिनिटांत तो काढून टाकला होता.