नागिऑस की प्रोमिथिअस: व्हेरिएबल कुणाचं सोयीचं?

हेड ऑफिस कोल्हापूरच्या शाहूपुरीत, गोडाऊन कागलच्या एमआयडीसीत, एक शाखा इचलकरंजीत. नेटवर्क आणि सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या नागिऑस किंवा प्रोमिथिअसच्या कॉन्फिग फायलींत तिन्हीकडच्या स्विचची एसएनएमपी कम्युनिटी (स्विचची माहिती वाचायचा पासवर्डच म्हणा) चाळीस ठिकाणी हातानं लिहिली असेल, तर ती बदलायच्या दिवशी जेवण विसरा. व्हेरिएबल, म्हणजे किंमत एकाच जागी ठेवून बाकी सगळीकडं वापरायचं नाव, हवंच. फरक एवढाच की त्यात खरी किंमत कधी भरली जाते.

नागिऑस ती तपासणी चालवताना भरतो. दोन डॉलर चिन्हांमध्ये मॅक्रोचं, म्हणजे नागिऑसच्या व्हेरिएबलचं, नाव लिहायचं. होस्टचा पत्ता आपोआप येतो. पासवर्ड रिसोर्स डॉट सीएफजीत यूजर१, यूजर२ अशा नावांनी ठेवायचे. वेब इंटरफेसची पानं बनवणारे सीजीआय प्रोग्रॅम ही फाइल वाचत नाहीत, म्हणून तिची परमिशन ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी, करता येते. पासवर्ड चेक कमांडच्या ओळीत थेट लिहू नका, त्यात उद्गारचिन्ह असलं की तिथंच आर्ग्युमेंट तुटतं. मला आवडतात ती मात्र अंडरस्कोरनं सुरू होणारी होस्टची स्वतःची व्हेरिएबल्स. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, पण तेच आकडे दुसऱ्या बंधाऱ्याला लावून चालेल का? लिंकचंही तसंच. फायबरची मर्यादा वेगळी, वायरलेसची वेगळी, कमांड मात्र एकच. त्रास एकच: शेवटी नेमकी कुठली कमांड चालली ते फायलीत दिसत नाही. मॅक्रोंचा माग काढायला डीबग लेव्हल २०४८ लावा.

प्रोमिथिअस, एक्स्टर्नल लेबलं (बाहेर जाणाऱ्या माहितीला चिकटवायच्या खुणा) सोडली तर, आपल्या कॉन्फिगमध्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरत नाही. म्हणून लोक आधी एन्व्हसब्स्ट, म्हणजे फायलीत ती व्हेरिएबल्स भरून देणारी कमांड, चालवतात. तयार फाइल डोळ्यांनी बघता येते, प्रॉमटूल या प्रोमिथिअसच्याच कमांडनं तपासता येते, हा मोठाच फायदा. पण एका ग्राहकाकडं मी अलर्ट नियमांची फाइलही त्यातूनच काढली. नियमात मशीनचं नाव ज्यातून येतं त्या लेबल्सच्या आधी डॉलर असतो. एन्व्हसब्स्टला ते व्हेरिएबल वाटलं, सेट नव्हतं, म्हणून पुसून टाकलं. पहाटे अलर्ट आला, पण कुठल्या मशीनचा? त्याचा पत्ताच नाही. तेव्हापासून बदलायच्या नावांची यादी एन्व्हसब्स्टला सिंगल कोट्समध्ये देतो आणि नियमांच्या फायली त्यापासून लांब ठेवतो. बेसिक ऑथच्या (नाव आणि पासवर्डनं लॉगिनच्या) पासवर्डला तर याची गरजच नाही, पासवर्ड फाइलचा पर्याय आहे.

तेव्हा एकच सर्व्हर, भरपूर स्विच आणि राउटर असतील तर डोळे झाकून नागिऑस. सगळं कंटेनरमध्ये आणि कॉन्फिग गिटमध्ये असेल तर प्रोमिथिअस. आणि फायलींना हातच लावायचा नसेल तर झॅबिक्स हे तिसरं तसंच सॉफ्टवेअर बघा: टेम्पलेटवरचा मॅक्रो एखाद्या होस्टपुरता वेब पानावरूनच बदलता येतो, आणि आवृत्ती ५.० पासून त्याची किंमत झाकूनही ठेवता येते.