आठवडी बाजारातली ‘फुप्फुसाची पावडर’

माझ्या मायला सीओपीडी आहे, म्हणजे दम लागण्याचा फुप्फुसाचा जुनाट आजार. बिडीला तिनं कधी हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे कापसाच्या पऱ्हाट्यांचा धूर घेतला. गेल्या हिवाळ्यात तिचं वजन उतरून 36 किलो झालं. त्याच दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात पांढरा कोट घातलेला माणूस टेबल मांडून बसला होता.

त्यानं काय केलं ते नीट वाचा. माय बस स्टँडपासून चालत आलेली, धापा टाकत, हात गारठलेले. बसल्याबरोबर त्यानं बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. 87! “मावशी, फुप्फुस वाळलं तुमचं.” मग कोमट पाण्यात पावडर कालवून पाजली, तळहात चोळायला लावले, ओठ आवळून हळू श्वास सोडायला सांगितलं. दहा मिनिटांनी आकडा 93. माय म्हणाली, “मले मोकळं वाटते.” सोयाबीनचे पैसे खिशात होते, मी 2,400 रुपयांना एक असे तीन डबे घेतले.

चालून उतरलेला आकडा बसल्यावर आपोआप चढतो आणि गार बोटावर यंत्र चुकतंही, हे मला पुढे सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून कळलं.

पैसे गेले ते गेले. पण “दूध, अंडी, केळी बंद, कफ होतो” असं तो पावडरवाला म्हणाला आणि आम्ही दोन महिने पाळलं, याची खंत जात नाही. वजन 33 वर आलं. श्वासातून औषध ओढायचा पंपही सोडा म्हणत होता. तेवढं मायनं ऐकलं नाही.

डब्यामागची बारीक अक्षरं मी मोबाईलवर मोठी करून वाचली: 100 ग्रॅममध्ये प्रथिनं फक्त 4 ग्रॅम, बाकी बहुतेक साखर. दिवसाची 40 ग्रॅम पावडर म्हणजे साधारण दीड ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात 6 असतात! खाद्य परवान्याचा क्रमांक 14 आकडी असतो, या डब्यावर 11च आकडे.

या आजारात नुसता श्वास घ्यायलाच जास्त ताकद खर्च होते, म्हणून माणूस वाळतो. आता माय जेवणाआधी थोडी टेकते आणि दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाते: वरणात कुस्करलेली भाकर, वर तेल, अंडं, दूध, शेंगदाण्याचा कूट. वजन 35 झालंय.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. त्या पावडरवाल्याचा फोन बंद लागतो. परवा शेजारच्या तालुक्यातून भाच्यानं फोटो पाठवला: तेच टेबल, तोच कोट, समोर कुणाची तरी माय बोट पुढे करून बसलेली.