लॅक्रॉस बघायला जायचंय: उन्हाळ्यातली पीएलएल की हिवाळ्यातली एनएलएल?

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बॉस्टन साईडला राहणाऱ्या आपल्या लोकांची पोरं शाळेत लॅक्रॉस (जाळीच्या काठीनं बॉल झेलत-फेकत गोल करायचा खेळ) खेळायला लागली की घरात एकदा तरी विषय निघतोच की प्रो मॅच दाखवायची तर कुठली, मैदानावरची (पीएलएल, म्हणजे प्रीमियर लॅक्रॉस लीग) का आइस हॉकीच्या रिंकमधली (एनएलएल, म्हणजे नॅशनल लॅक्रॉस लीग). माझं सरळ मत आहे, वर्षातून एकदाच जाणार असाल तर पीएलएल, आणि एक टीम पकडून सीझनभर जायची हौस असेल तर एनएलएल. खेळ कुठला भारी ते नंतर बघू.

कारण पीएलएलचा सीझनच जरा विचित्र आहे. लॅक्रॉसपटू पॉल रेबिल आणि त्याचा भाऊ माईक यांनी 2019 ला लीग सुरू केली तेव्हा टीम्सना शहरंच नव्हती, सगळा लवाजमा दर वीकेंडला नव्या गावात, अगदी आपल्याकडच्या तमाशाच्या फडासारखा. आधीची मैदानावरची लीग, एमएलएल (मेजर लीग लॅक्रॉस), 2020 च्या शेवटी यांच्यातच विलीन झाली. 2024 पासून आठही टीम्सना शहरं मिळालीत, न्यूयॉर्क अ‍ॅटलस, युटा आर्चर्स, मेरीलँड व्हिप्सनेक्स वगैरे, पण फिरणं काही थांबलं नाही. म्हणजे रेग्युलर सीझनच्या 10 मॅचेसपैकी घरच्या मैदानावर जेमतेम एक वीकेंड, बाकी टीव्हीवर बघा. पण तो वीकेंड मात्र वसूल असतो, साधारण एका दिवसाच्या तिकिटात दोन मॅचेस बघून होतात.

एनएलएलमध्ये 18 मॅचेस, त्यातल्या 9 घरच्या. डिसेंबरच्या आसपास सुरू होऊन एप्रिलपर्यंत चालतं, वर प्लेऑफ्स. बफेलोत बघा काय वातावरण असतं, तिथल्या बॅंडिट्स टीमनी 2023, 2024, 2025 असं लागोपाठ तीनदा जिंकलंय. एसी अरिना, बर्फ पडो की काही होवो मॅच होणार, उलट पीएलएलला जुलैचं ऊन खायचं आणि वीज चमकली की खेळ थांबला म्हणून बसून राहायचं.

आता खेळ. मैदानावर 10 विरुद्ध 10, शॉट क्लॉक 52 सेकंद (तेवढ्यात गोलवर शॉट मारायचा), आणि लांबून गोल मारला तर दोन पॉइंट, जे रिंकमध्ये नाही. रिंकमध्ये गोली (गोलकीपर) धरून सहाच जण, 30 सेकंदात शॉट, खेळ चालू असतानाही गाणी वाजत असतात आणि ढकलाढकली तर विचारू नका, मध्येच हातघाईवर येतात. लहान पोरं बरोबर असतील तर हे आधी ठरवून जा, काहींना तेच आवडतं म्हणा.

फरक कळायला गोलीकडे बघा. डिलन वॉर्ड दोन्हीकडे गोली म्हणून खेळलाय, मैदानावर 6 बाय 6 फुटांचा गोल आणि अंगावर बेताचं पॅडिंग, रिंकमध्ये गोल छोटा, 4 फूट उंच, आणि माणूस पॅड्स चढवून एवढा फुगलेला की गोल दिसतच नाही. ब्लेझ रायर्डनची तर कमालच, केऑस टीमचा गोली म्हणून 2021 ला पीएलएलचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) झाला आणि एनएलएलमध्ये हाच माणूस फॉरवर्ड म्हणून गोल मारत होता.

टीव्हीवर बघणार असाल तर मला पीएलएल जास्त आवडते, बॉल निदान दिसतो तरी. रिंकमध्ये नवख्या माणसाला गोल झाल्यावर कळतं. फायनल मात्र एनएलएलची, बेस्ट ऑफ थ्री (तीनपैकी दोन जिंकायच्या) असते, पीएलएलला सप्टेंबरमध्ये एकाच मॅचमध्ये निकाल. अर्थात 2025 ला न्यू जर्सीत हॅरिसनला अ‍ॅटलसनी डेन्व्हर आउटलॉजना 14-13 नी हरवलं तसली मॅच मिळाली तर तक्रार नाही.

पीएलएलचं तिकीट काढलंत तर मधल्या महागड्या सीट्सच्या मागे लागू नका, गोलच्या पाठीमागे बसा. या खेळात गोलच्या मागेही जागा असते आणि जेफ टीटसारखे अटॅकर तिथूनच सुरुवात करतात, डिफेंडरला इकडून तिकडे नाचवत.